अग्निबाणाचा धंदा आणि उस्तादाची मजुरी

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आमच्यावर विषय सोपवला तो आकाशयानांच्या व्यापाराचा आणि त्या व्यापारात आयुष्य घालणाऱ्या अभियंत्यांचा. कामगार संघटनेच्या माणसाने बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, आकाशात कशाला शिरावे, असे धावड्याच्या मंडळींपैकी काहींच्या मनात आल्यावाचून राहिले नसेल. शाळेने आम्हांला सातवीपर्यंत सांभाळले. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर, मिळेल ते पुस्तक वाचून झाले. तेव्हा कक्षेची गणिते कोणी आम्हांस विचारू नयेत. परंतु अग्निबाण ही अखेर कारखान्यात तयार होणारी वस्तू आहे. तिला टर्नर लागतो, वेल्डर लागतो, रसायन ढवळणारा हात लागतो, आणि त्या सर्वांच्या शेजारी उभा राहून 'असे नव्हे, असे धर' म्हणणारा कोणी जुना माणूस लागतो. या शेवटच्या माणसाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार कोणी नाकारणार नाही. आकाशयानांच्या धंद्याचा इतिहास आम्ही एकच प्रश्न हाती धरून वाचला: या अभियंत्याला कोणी शिकवले, त्याने पुढे कोणाला शिकवले, आणि त्या शिकवण्याची किंमत कोणाच्या खात्यातून गेली?

आपल्याकडची सुरुवात २१ नोव्हेंबर १९६३ या दिवसाची. केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावाहून त्या संध्याकाळी 'नायके-अपाची' नावाचा अग्निबाण उडाला. बाण अमेरिकेचा होता. जागा गावच्या चर्चची. बिशपांनी समजूत घातली, भाविकांनी मान्यता दिली, आणि कोळ्यांची घरे तेथून उठली. अग्निबाणाचे सुटे भाग सायकलवरून नेत असलेले चित्र पुढे जगभर गाजले. त्या उठलेल्या घरांचे चित्र मात्र कोणी छापलेले आमच्या पाहण्यात नाही. असो. त्या पहिल्या तुकडीतील तरुण अमेरिकेत नासाकडे जाऊन काम शिकून आले होते, आणि त्यांत पुण्यात १९४१ साली जन्मलेले प्रमोद काळे हे एक होते. पुढे ते अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे व तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. या तरुणांना नासाने शिकवले, आणि त्यांनी घरी येऊन पुढच्यांना शिकवले. शिकवणीचा पहिला हप्ता आपल्या देशाने असा परक्याच्या दारी जाऊन उचलला. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांतसुद्धा पहिले साचे विलायतेचे आणि पहिले मिस्त्री लँकेशायरचेच होते.

परंतु उडवायला शिकणे निराळे आणि बनवायला शिकणे निराळे. बनवण्याची विद्या ज्यांच्यामुळे येथे रुजली त्यांत डॉ. वसंत गोवारीकर यांचे नाव पुढे घ्यावे लागते. त्यांचा जन्म पुण्याचा, २५ मार्च १९३३ चा, शिक्षण कोल्हापुरात, पुढे इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी. तेथे गार्नर या आपल्या गुरूंबरोबर त्यांनी घन व द्रव यांच्यातील उष्णतेच्या देवघेवीवर जे काम केले ते 'गार्नर-गोवारीकर सिद्धांत' म्हणून ओळखले जाते. शिष्याचे नाव गुरूच्या नावाला जोडून लागले, ही गोष्ट आमच्या धंद्यात विरळा. हाताखालच्याने काढलेली युक्ती साहेबाच्या नावावर गेलेली आम्ही पुष्कळ वेळा पाहिली आहे. इंग्लंडात त्यांनी हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात आणि समरफील्ड येथे, जेथे अग्निबाणांच्या मोटारी तयार होत, तेथे काम केले. १९६७ साली विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते थुंब्याला आले. त्या वेळी थुंब्याला काय होते? नारळाची झाडे, वाळू, जुने चर्च आणि पत्र्याच्या छपरा. तेथे घन इंधन तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

हे घन इंधन म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. द्रव इंधनाच्या इंजिनाला तोटी असते. ती कमी-अधिक करता येते, प्रसंगी बंदही करता येते. घन इंधनाला तोटी नसते. पातळ रबरासारखे एक रसायन, त्यात प्राणवायू पुरवणारे अमोनियम परक्लोरेटचे बारीक दाणे आणि ॲल्युमिनियमची भुकटी, असे हे दाट लापशीसारखे मिश्रण मोठ्या भांड्यात घोटतात. ते अग्निबाणाच्या पोलादी नळकांड्यात ओततात, मधोमध एक साचा उभा ठेवतात, आणि ते घट्ट होऊ देतात. साचा काढला की मध्ये पोकळी राहते. पेटते ते या पोकळीच्या भिंतीवरून. एकदा पेटले की संपेपर्यंत विझत नाही. म्हणून आत हवेचा बुडबुडा राहिला, कोठे तडा गेला, अगर नळकांड्याच्या भिंतीपासून मिश्रण सुटले, तर जळण्याची जागा एकदम वाढते, दाब वाढतो आणि नळकांडे फुटते. पापड लाटणारी बाई पिठाला हात लावून सांगते की हे अजून मळायचे आहे. तशीच जाण येथेही लागते. कागदावर सूत्र लिहिता येते, जाण मात्र एकाने दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून द्यावी लागते. गोवारीकरांच्या हाताखाली रसायनाचे आणि यंत्राचे शेकडो लोक तयार झाले ते असे. ते स्वतः १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. १० ऑगस्ट १९७९ ला 'एसएलव्ही-३' समुद्रात पडला तो त्यांच्या कारकिर्दीत, आणि १८ जुलै १९८० ला त्याच जातीच्या बाणाने ३५ किलोचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. त्या बाणाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण समोर शेतकरी बसले आहेत. याच गोवारीकरांनी पुढे सरकारात विज्ञान खात्याचे सचिव असताना मोसमी पावसाचा अंदाज सांगणारी सोळा घटकांची रीत बसवली, आणि १९८८ पासून हवामान खाते तिच्यावर चालले. २००२ साली दुष्काळ पडला तेव्हा ती रीत चुकली व खात्याने ती बदलली. २००२ चा दुष्काळ भोकरदन तालुक्यास आठवून द्यावा लागत नाही. अंदाज चुकला म्हणून गोवारीकरांना नावे ठेवणारे तेव्हा पुष्कळ निघाले. चौदा वर्षे तीच रीत वापरली जात होती, ही गोष्ट त्यांतील फार थोड्यांनी मोजली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घन इंधन हे शिकवणीची परीक्षा कशी घेते याचे दोन दाखले देतो, आणि दोन्ही रक्ताचे आहेत. २२ ऑगस्ट २००३ रोजी ब्राझील देशात अल्कांतारा येथे, उड्डाणास तीन दिवस असताना, तळावर उभ्या असलेल्या अग्निबाणाची एक मोटार अवचित पेटली आणि २१ तंत्रज्ञ जागच्या जागी गेले. चौकशीत पैशाची व अनुभवी माणसांची बरीच वर्षे चाललेली ओढाताण पुढे आली. दुसऱ्या वर्षी, २३ फेब्रुवारी २००४ ला, आपल्याच श्रीहरिकोट्याच्या घन इंधनाच्या कारखान्यात स्फोट होऊन सहा माणसे मेली. उपग्रह सुटतो तेव्हा टाळ्या वाजवणारा नियंत्रण कक्ष आपण सर्वांनी चित्रवाणीवर पाहिला आहे. हे सहा जण त्या खोलीत बसणारे नव्हते.

घन इंधनाचा हट्टीपणा अजून संपलेला नाही. १८ मे २०२५ रोजी 'पीएसएलव्ही' या आपल्या भरवशाच्या बाणाचे उड्डाण फसले ते तिसऱ्या टप्प्यात, आणि तो टप्पा घन इंधनाचा होता. त्यापूर्वीच्या तीस वर्षांत या बाणाचे अपयश बोटावर मोजण्याइतके. या 'पीएसएलव्ही'मुळेच आपला देश आकाशवाहतुकीच्या व्यापारात शिरला. त्याच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते, म्हणजे आपल्याकडच्या दहा-बारा मालट्रका भरतील इतके. ते ज्या नळकांड्यात भरायचे त्याचे पोलाद साध्या सळईचे नव्हे. त्याची गोलाई आणि सांधे यांत केसाएवढी चूक चालत नाही. अशी नळकांडी बनवण्याचे काम सत्तरीच्या दशकापासून ज्या कारखान्याने केले त्यांत पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर आहे. आमच्या जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना साखर कारखान्याची चरकयंत्रे ठाऊक आहेत. ती यंत्रे बनवणाऱ्या वालचंदनगरच्याच शेडमध्ये अग्निबाणाची अंगे तयार झाली. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात 'विकास' नावाचे द्रव इंधनाचे इंजिन बनले. चरकाचा रोलर खरडणारा हात अग्निबाणाकडे वळला तेव्हा त्याला कोणी तरी नव्याने शिकवले असेलच. थुंब्याचे अभियंते आणि या कारखान्यांचे फोरमन यांनी एकमेकांना शिकवले, असे आम्ही मानतो. एकाला सूत्र माहीत होते, दुसऱ्याला लोखंड.

व्यापार सुरू झाला तो असा. १९९२ साली सरकारने 'अँट्रिक्स' नावाची कंपनी काढली. २६ मे १९९९ ला 'पीएसएलव्ही'ने आपल्या उपग्रहाबरोबर कोरियाचा व जर्मनीचा असे दोन परके उपग्रह भाडे घेऊन नेले. २३ एप्रिल २००७ ला इटलीच्या 'आगिले' या उपग्रहासाठी स्वतंत्र फेरी झाली. एसटीच्या गाडीत दुसऱ्याचे पार्सल टाकणे आणि लग्नासाठी सबंध गाडी ठरवून देणे यांत जो फरक, तो या दोन फेऱ्यांत. आणि १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच बाणाने १०४ उपग्रह सोडले, त्यांतले १०१ परदेशी होते. भाड्याचा दर कमी म्हणून गिऱ्हाईक येते, असे वर्तमानपत्रांनी अभिमानाने लिहिले. कमी दर हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. दर कोठून कमी झाला हे पाहण्याची आम्हांस खोड आहे. साधी रचना आणि एकच बाण वारंवार वापरून आलेली सफाई, हे त्याचे एक कारण खचित आहे. दुसरे कारण असे की ही विद्या शिकवण्याचा खर्च चाळीस वर्षे सरकारी तिजोरीने, म्हणजे आपण सर्वांनी, आधीच भरून ठेवला होता. त्याचे बिल परक्या गिऱ्हाइकाला लागले नाही.

अमेरिकेत गोष्ट उलट्या अंगाने घडली. तेथे शीतयुद्धात सरकारने लाखो माणसे तयार केली, आणि नव्या शतकात श्रीमंत लोकांनी त्या तयार विद्येवर कंपन्या काढल्या. बेझोस यांची 'ब्लू ओरिजिन' २००० सालची, मस्क यांची 'स्पेसएक्स' २००२ सालची. २८ सप्टेंबर २००८ रोजी स्पेसएक्सचा 'फाल्कन-१' चौथ्या खेपेस कक्षेत गेला. आधीचे तीन फसले होते. खासगी पैशाने बनलेल्या द्रव इंधनाच्या बाणाचे हे पहिलेच यश. या कंपन्यांत तरुण अभियंते रात्रीचा दिवस करतात, आणि ते स्वखुशीने करतात, असे सांगण्यात येते. स्वखुशीविषयी आमचे मत आम्ही राखून ठेवतो. एवढे मात्र नमूद करतो की अग्निबाणाच्या कारखान्यात संप होत नाहीत हा समज खोटा आहे. मे २०१८ मध्ये 'युनायटेड लाँच अलायन्स' या बाण बनवणाऱ्या कंपनीचे सुमारे ६०० यंत्रकामगार जवळजवळ दोन आठवडे संपावर होते.

या खासगी धंद्याच्या आरंभकाळातली एक घटना आमच्या विषयाचे मर्म आहे. कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात 'स्केल्ड कंपोझिट्स' ही कंपनी प्रवाशांना आकाशाच्या कडेपर्यंत नेणारे वाहन बनवत होती. २६ जुलै २००७ रोजी तेथे नायट्रस ऑक्साइड या वायूच्या प्रवाहाची चाचणी चालली होती. इंजिन पेटवायचेही नव्हते. टाकी फुटली आणि तीन कामगार मेले. हाच वायू दंतवैद्य दात काढताना हुंगायला देतात, त्यामुळे तो गरीब आहे असा समज. राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याने तपास केला, सुमारे २६ हजार डॉलर दंड केला, आणि ठपका ठेवला तो असा की या वायूच्या धोक्याची माहिती व शिक्षण कामगारांना नीट दिलेले नव्हते. पुढे ३१ ऑक्टोबर २०१४ ला याच कंपनीने बनवलेले पुढचे वाहन हवेत मोडले व एक वैमानिक मेला. त्याने एक खटका वेळेआधी सोडला होता. पण चौकशी मंडळाने माणसाच्या हातून अशी एक चूक होऊ शकते हे धरूनच रचना करावयास हवी होती, असे कंपनीस सुनावले. श्रोतेहो, तीन जीव आणि २६ हजार डॉलर. शिकवणे ही धर्मादाय गोष्ट आहे, फावल्या वेळात करायची आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही बेरीज करून पाहावी.

आमच्या डोळ्यांसमोर हे आहे. याच जिल्ह्यात एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, अठरा वर्षांचा एक मुलगा रोलिंगच्या स्टँडवर तिसऱ्याच दिवशी उभा केला गेला. तापलेली सळई सापासारखी उसळली आणि त्याच्या पायाला गुंडाळली गेली. ठेकेदार म्हणाला, पोराचे लक्ष नव्हते. आम्ही बैठकीत एवढेच विचारले की याला कोणी शिकवले, त्याचे नाव सांगा. नाव निघाले नाही. हजेरीपटावर शिकवण्याचा एक तासही नव्हता. कायद्याने शिकवणे लागू होऊन आता साठ वर्षे झाली. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. पण शिकाऊ म्हणून घेतलेल्या पोराकडून पहिल्या दिवसापासून पुऱ्या हाताचे काम काढायचे आणि विद्यावेतन मात्र अर्धे द्यायचे, हा त्या कायद्याचा जो वापर होतो तो आपणांस माहीत आहे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी जॉबर असे. तो नव्या माणसाला साच्यावर उभा करी, शिकवी, आणि त्याबद्दल दस्तुरी खाई. दस्तुरी वाईटच. परंतु शिकवण्याला किंमत आहे एवढे तरी जॉबरला कळत होते. दस्तुरी गेली हे चांगले झाले, तिच्या जागी शिकवण्याचा पगार यावयास हवा होता, तो आला नाही.

आता ज्या कारकिर्दीसाठी हा विषय आम्ही घेतला तिच्याकडे वळतो. कल्याण पूर्वेला कोळसेवाडी नावाची वस्ती आहे. रेल्वेच्या लोकांची, गिरणीच्या लोकांची, चाळींची. तेथील संजल गावंडे या मुलीचे वडील महापालिकेत नोकरीला आणि आई टेलिफोन निगममध्ये. म्हणजे घर पगारावर चालणारे, आमच्याच दुनियेतले. मुंबई विद्यापीठातून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्या २०११ साली अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात गेल्या आणि पुढची पदवी घेतली. डोळे आकाशाकडे, पण पहिली नोकरी मिळाली ती पाण्यावर. विस्कॉन्सिन राज्यात मर्क्युरी मरीन ही कंपनी नावांची इंजिने बनवते, तेथे. दुसरी नोकरी जमिनीवर, कॅलिफोर्नियात टोयोटाच्या शर्यतीच्या मोटारींच्या विभागात. शनिवार-रविवारी त्या विमान चालवायला शिकत, आणि २०१६ मध्ये त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. नासाकडे अर्ज केला तेथे नागरिकत्वाची अट आडवी आली, असे त्यांच्याविषयी छापून आले आहे. मग त्या ब्लू ओरिजिन कंपनीत गेल्या. तेथे ज्या अभियंत्यांच्या पथकाने 'न्यू शेपर्ड' हे वाहन सिद्ध केले त्यात त्या होत्या. हे वाहन द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजनवर चालते, शंभर किलोमीटरच्या वर जाते, आणि खालचा बाण आपल्या पायांवर परत येऊन उभा राहतो.

नावेचे इंजिन, शर्यतीच्या मोटारीचे इंजिन, विमान, आणि मग अग्निबाण, ही वाट आम्हांस फार मोलाची वाटते. धंदा बदलला तरी इंजिनाची जाण बदलत नाही. आमच्या भागातला मोटारपंप दुरुस्त करणारा मिस्त्री उद्या जनरेटर उघडतो तो त्याच बळावर. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी त्यांना पुढचे दाखवले असणार. या माणसांची नावे वर्तमानपत्रांत येत नाहीत, आणि येण्याची सोयही नाही.

२० जुलै २०२१ रोजी ते वाहन प्रथमच माणसे घेऊन गेले. कंपनीचे मालक जेफ बेझोस, त्यांचे बंधू, नेदरलँड्सचा अठरा वर्षांचा एक पैसे भरलेला प्रवासी, आणि ८२ वर्षांच्या वॉली फंक. सारे उड्डाण दहा मिनिटांच्या आसपासचे. खाली आल्यावर बेझोस यांनी ॲमेझॉनच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे व गिऱ्हाइकाचे आभार मानले, कारण या साऱ्याचे पैसे त्यांनी भरले, असे ते म्हणाले. जगभर त्यावरून चेष्टा झाली आणि टीकाही झाली. आम्ही मात्र म्हणतो की मालकाच्या तोंडून निघालेले इतके खरे वाक्य आम्ही क्वचितच ऐकले. कल्याणच्या शेजारी भिवंडी. भिवंडीला ॲमेझॉनची गोदामे आहेत, आणि तेथे खोकी बांधणारी पोरे आपल्या मराठवाड्यातूनही गेलेली आहेत. म्हणजे त्या दहा मिनिटांत कल्याणच्या मुलीची विद्या होती आणि भिवंडीच्या पोरांच्या पाठीचा घाम होता. दोघांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. अंतर जेमतेम एका खाडीचे.

आणि त्या चौघांतल्या वॉली फंक यांची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९६१ साली काही अमेरिकन स्त्री-वैमानिकांनी अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या पार पाडल्या, त्यांतल्या या सर्वांत लहान. नासाने तेव्हा स्त्रियांना घेतले नाही. पुढची साठ वर्षे या बाईंनी काय केले? विमान चालवायला शिकवले. तीन हजारांहून अधिक माणसे त्यांनी तयार केली. त्यांना आकाशाची कडा दिसली ती ८२ व्या वर्षी, दुसऱ्याच्या बाणात बसून. संजल गावंडे शनिवार-रविवारी ज्या कुणा शिक्षकाच्या शेजारी बसून विमान शिकल्या, तो अशाच परंपरेतला.

विद्यार्थ्यांना हाताशी धरण्याचे आपल्याकडचे एक उदाहरण पुण्याचे आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली निघाले ते 'इंजिनिअरिंग क्लास व मेकॅनिकल स्कूल' या नावाने, सरकारी बांधकामाला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. त्याच महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास एक उपग्रह बनवण्यास घेतला. दहा सेंटिमीटरचा घन, वजन एक किलोहून थोडे कमी, म्हणजे दिवाळीच्या मिठाईचा डबा. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोचवणे हे त्याचे काम. अवकाशात त्याचे तोंड एका दिशेस राहावे म्हणून मोटार नाही, वीज खर्च नाही, नुसते चुंबक. होकायंत्राच्या काट्याप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून तो राहणार. नाव ठेवले 'स्वयम्'. २२ जून २०१६ ला 'पीएसएलव्ही'ने तो नेला. त्याच खेपेत एकूण वीस उपग्रह होते, त्यांत अमेरिकेच्या एका व्यापारी कंपनीचे पृथ्वीची छायाचित्रे घेणारे बारा चिमुकले उपग्रह होते. भाडे भरणारे आणि शिकणारे एकाच गाडीत बसले. तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला.

यातले आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आठ वर्षे. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्या मुलांनी आरंभ केला ती पदवी घेऊन नोकऱ्यांना लागली, त्यांच्यामागून आली तीही गेली, आणि तिसऱ्याच्या हातून काम पुरे झाले. प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीस बसवून सांगितले की हा तार येथे का, हा चुंबक एवढाच का. जी उमज पुढच्याच्या डोक्यात उतरली नसती ती त्या तुकडीबरोबरच बाहेर गेली असती आणि डबा अर्धवट राहिला असता. परीक्षेत याला गुण किती मिळाले असतील? प्राध्यापकाच्या कामाच्या तासांत हे तास धरले गेले असतील का? युनियनचा माणूस असल्याने असले प्रश्न आधी सुचतात.

जून २०२० मध्ये सरकारने हे क्षेत्र खासगी कंपन्यांस खुले केले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या 'स्कायरूट'चा छोटा बाण उडाला, ३० मे २०२४ ला चेन्नईच्या 'अग्निकुल'चा. या कंपन्यांचे बरेच उस्ताद इस्रोत शिकलेले आहेत. त्याबद्दल तक्रार नाही, शिकलेला माणूस कोठेही गेला तरी विद्या फुकट जात नाही. परंतु सरकारी केंद्राने साठ वर्षे जी शाळा चालवली ती शाळा आता कोण चालवणार, हे कोणत्याही करारात लिहिलेले दिसले पाहिजे. बाणाच्या किमतीत पोलाद धरतात, इंधन धरतात, विमा धरतात. तसा शिकवणाऱ्याचा तासही धरावा. नवा माणूस घन इंधनाच्या घोटण्याच्या खोलीत जाण्यापूर्वी त्याला कोणी शिकवले त्याचे नाव आणि सही हजेरीपटावर असावी. यंत्राशेजारी उभे राहून शिकवणाऱ्या जुन्या कारागिराला त्या तासांचा वेगळा दर मिळावा. ही मागणी आम्ही पोलादाच्या कारखान्यांत पुष्कळ वर्षे करीत आलो. अग्निबाणाच्या कारखान्यांत ती आरंभापासूनच असावी, कारण तेथे चुकीची किंमत २१ माणसे असते.

जाता जाता पालकांसाठी एक माहिती. इस्रोने २०१९ सालापासून 'युविका' नावाचा दोन आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यात नववीत शिकणारी मुले-मुली घेतात, त्यांना आपल्या केंद्रांत नेतात, शास्त्रज्ञांबरोबर बसवतात, आणि प्रवासाचा व राहण्याजेवणाचा खर्च स्वतः करतात. निवड आठवीच्या गुणांवर, संगणकावरील एका छोट्या परीक्षेवर, विज्ञान प्रदर्शन, खेळ, स्काउट यांतील कामगिरीवर होते, आणि ग्रामीण शाळेतल्या मुलास त्यात जादा गुण असतात. म्हणजे धावड्याचे मूल या एका ठिकाणी शहरातल्या मुलाच्या चार पावले पुढे उभे आहे. अर्ज संगणकावरूनच भरावा लागतो. अलीकडच्या वर्षांत तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघालेला आहे. ज्यांच्या घरी सोय नसेल त्यांनी मुलाची आठवीची गुणपत्रिका घेऊन भोकरदनच्या बाजाराच्या दिवशी आमच्या कचेरीत यावे. अर्ज तेथे भरून मिळेल.